कल्चर रिपोर्टमध्ये दोन्ही अँटिबायोटिक्ससमोर 'आर' आहे, तरी आयसीयूचे डॉक्टर तीच दोन एकत्र देतायत, असं का?

चौकस_पुतणी

नमस्कार मंडळी. माझे काका (वय ६८) ब्रेन स्ट्रोकमुळे पुण्यात एका हॉस्पिटलच्या आयसीयूत आहेत. हॉस्पिटलचं नाव टाकत नाही कारण तक्रार करायची नाहीये, समजून घ्यायचंय. आधी व्हेंटिलेटर, मग ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी), मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, सगळं लागलेलं आहे. जरा डोळे उघडून बघायला लागले होते तेवढ्यात हुडहुडी भरून ताप आला, बीपी पडलं आणि ब्लड कल्चर पाठवलं.

रिपोर्ट आला त्यात वर क्लेब्सिएला न्यूमोनिए असं नाव आणि खाली औषधांची लांबलचक यादी, प्रत्येकासमोर एक आकडा आणि एक अक्षर. एस म्हणजे औषध चालतं, आर म्हणजे चालत नाही एवढं मला कळतं. तर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आर, मेरोपेनेम आर, अमिकासिन आर, सिप्रो आर, असं वरून खालपर्यंत आर आर आर. कोलिस्टिनसमोर आय. टायजेसायक्लिनसमोर एकटा बिचारा एस. आणि सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम आर, अझट्रिओनाम पण आर.

आता गंमत बघा. डॉक्टरांनी चालू काय केलं, तर सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम आणि अझट्रिओनाम! म्हणजे जी दोन्ही चालत नाहीत असं त्यांच्याच लॅबने लिहून दिलंय तीच, आणि एस आहे ते टायजेसायक्लिन नाही. मी विचारलं तर राउंडच्या घाईत "दोन्ही मिळून काम करतात" एवढंच म्हणाले. एक व्हायल काही हजारांची आहे आणि दिवसातून तीनदा लागते, भाऊ पैशांची जुळवाजुळव करून थकलाय, म्हणून डोक्यात शंका येतेच.

अजून एक. गळ्याच्या नळीतला कफ तपासला त्यात वेगळाच जंतू आलाय, असिनेटोबॅक्टर, तोही जवळजवळ सगळ्याला आर. त्याला तर डॉक्टर काहीच देत नाहीयेत! म्हणे लक्ष ठेवू. कोणी मेडिकलमधलं असेल तर कृपया साध्या भाषेत सांगा.

स्पष्टवक्ता_कोल्हापूर

ताई वाईट वाटून घेऊ नका पण सरळ सरळ बिल वाढवायचा प्रकार दिसतोय. आर आहे म्हणजे आर आहे, त्यात मिळून बिळून काय असतं. शून्य अधिक शून्य शून्यच. रिपोर्टची झेरॉक्स घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

पेट्रीडिश

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, जरूर दाखवा, पण शून्य अधिक शून्य हे इथे लागू होत नाही. मी मायक्रोबायोलॉजीत आहे, हेच रिपोर्ट रोज सही करून पाठवते. काकांचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहितेय ते 'बहुतेक असं असावं' या हिशोबाने घ्या.

आधी टेस्ट कशी होते ते बघा, म्हणजे अर्धा गुंता सुटेल. रक्ताच्या बाटलीत जंतू वाढला की मशीन सिग्नल देतं, मग तो जंतू प्लेटवर वेगळा करून त्याचं ठरावीक गढूळपणाचं पाणी बनवतात. ते जेलीसारख्या म्युलर हिंटन अगारवर स्वॅबने एकसारखं पसरतात आणि वर औषध लावलेल्या कागदाच्या बारक्या चकत्या ठेवतात. ३५ डिग्रीला सोळा-अठरा तास ठेवलं की सकाळी चकतीभोवती गोल मोकळी जागा दिसते, तिचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा. मोठ्या हॉस्पिटलांत हेच काम मशीनचं कार्ड करतं आणि एमआयसी देतं, म्हणजे कमीत कमी किती औषधाला जंतूची वाढ थांबते तो आकडा. यात मुद्दा असा की प्रत्येक औषध जंतूसमोर एकेकटं ठेवलेलं असतं. रिपोर्टवरचा आर म्हणजे 'हे औषध एकटं दिलं तर चालणार नाही'. दोन एकत्र दिली तर काय होईल हे त्या ओळीत लिहिलेलंच नसतं, कारण ती परीक्षा झालेलीच नसते.

आता काकांचा क्लेब्सिएला. मेरोपेनेम आर, सेफ्टाझिडाइम-अविबॅक्टम आर, अझट्रिओनाम आर, हे त्रिकूट आपल्याकडे दिसलं की पहिला संशय एनडीएमचा. एनडीएम हे जंतूने बनवलेलं एन्झाइम, मेरोपेनेम, सेफ्टाझिडाइम वगैरे जवळजवळ सगळ्या पेनिसिलिनच्या भाईबंदांना तोडून टाकतं. फक्त एकाला तोडता येत नाही, ते म्हणजे अझट्रिओनाम. मग अझट्रिओनामसमोर आर कसा आला? कारण हे जंतू एकच हत्यार बाळगून नसतात, एनडीएमच्या सोबतीला ईएसबीएल नावाची दुसरी एन्झाइम्स असतात आणि ती अझट्रिओनामचा फडशा पाडतात. इकडे अविबॅक्टमचं काम काय, तर ही दुसरी एन्झाइम्स, आणि आपल्याकडे भरपूर सापडणारं ऑक्सा-४८ सुद्धा, बंद पाडणं. एनडीएमला मात्र ते हात लावू शकत नाही, म्हणून त्याच्या जोडीचं सेफ्टाझिडाइम मार खातं आणि तिथेही आर येतो.

दोन्ही सलाइनमधून एकाच वेळी गेली की अविबॅक्टम ईएसबीएलला धरून ठेवतं, एनडीएमला अझट्रिओनाम तोडता येत नाही, आणि अझट्रिओनाम आपलं काम करून जातं. सेफ्टाझिडाइम या सगळ्यात लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यासारखं, अविबॅक्टम त्याच्याच व्हायलमध्ये मिळतं म्हणून घ्यावं लागतं. युरोपात २०२४ मध्ये अझट्रिओनाम-अविबॅक्टम हे थेट एकाच व्हायलमध्ये मंजूर झालं, तोवर सगळीकडे हीच जोडी जुळवून देत होते.

तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी जे केलं ते पुस्तकाबाहेरचं नाही, एनडीएमवाल्या जंतूसाठी आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये हा पहिल्या पसंतीच्या उपायांपैकी एक आहे. तुम्ही लॅबला एक विचारू शकता, "सिनर्जी टेस्ट केली का?" त्यात दोन्ही चकत्या प्लेटवर जवळजवळ ठेवतात, एकेकटीभोवती जंतू बिनधास्त वाढलेला असतो पण दोघींच्या मधल्या पट्ट्यात वाढ थांबलेली स्पष्ट दिसते. किंवा दोन्ही चकत्या एकाच ट्यूबमधल्या ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या पातळ द्रावणात) टाकून बघतात, ती पद्धत जास्त भरवशाची. क्लेब्सिएलात जोडी बहुतेक वेळा चालते, पण आपल्याकडच्या काही ई. कोलायमध्ये औषध जिथे जाऊन चिकटायचं ती जागाच बदललेली असते, तिथे हीसुद्धा फसते, म्हणून टेस्ट केलेली बरी.

चौकस_पुतणी

पेट्रीडिश ताई तुमचे किती आभार मानू! भावाला वाचून दाखवलं, त्याला निदान पैसे पाण्यात जात नाहीयेत एवढं समाधान झालं. सिनर्जीचं उद्या विचारते. पण मग टायजेसायक्लिन एस असून का नाही? आणि तो असिनेटोबॅक्टर?

अतिदक्ष

आयसीयूत काम करतो, मोकळा वेळ मिळाला तसं लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

टायजेसायक्लिनचं असं की ते शरीरातल्या पेशींमध्ये आणि टिश्यूत भराभर शिरतं, त्यामुळे रक्तात त्याची पातळी कमी राहते. काकांचा जंतू रक्तात आहे. प्लेटवर औषध आणि जंतू समोरासमोर असतात, तिथे एस येणारच, पण पेशंटमध्ये औषध त्या जागी पुरेसं पोहोचलं पाहिजे ना. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने टायजेसायक्लिनवर काळ्या चौकटीतला इशारा टाकला, बाकीच्या औषधांच्या तुलनेत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून. कुठेच वापरत नाही असं नाही, पोटातल्या इन्फेक्शनला वापरतो, पण रक्तातल्या जंतूवर एकट्या त्याच्या भरवशावर राहायला छाती होत नाही.

अशी उदाहरणं बरीच आहेत. डॅप्टोमायसिन हे एमआरएसए या चिवट जंतूवर उत्तम औषध, पण न्यूमोनियात शून्य उपयोग, फुप्फुसाला आतून असलेल्या सर्फॅक्टंट नावाच्या थरातच ते निकामी होतं, रिपोर्टवर एस असला तरी. नायट्रोफ्युरंटॉइन हे औषध फक्त मूत्राशयाच्या इन्फेक्शनपुरतं. आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमची गोष्ट तर आम्हा सगळ्यांना चटका देऊन गेली. ईएसबीएलवाले जंतू रक्तात, प्लेटवर हे औषध एस, मग मेरोपेनेम कशाला वाया घालवा असा विचार करून मेरिनो नावाची ट्रायल झाली, २०१८ मध्ये निकाल आला. तीस दिवसांत पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम गटात १२.३ टक्के पेशंट गेले, मेरोपेनेम गटात ३.७ टक्के. त्या निकालांवर पुढे वाद झाले, प्लेटवरच्या टेस्टमध्येच गडबड होती असंही निघालं, पण तेव्हापासून असा पेशंट सिरियस असेल तर नुसता एस बघून मी ते लिहीत नाही.

आता असिनेटोबॅक्टर. ट्रॅकिओस्टॉमी झालेल्या पेशंटच्या नळीत थोडे दिवसांत काही ना काही वाढतंच. ते तिथे राहायला आलेलं असतं, त्याला कॉलनायझेशन म्हणतात. त्याने फुप्फुसात घुसून आजार केला तर ते इन्फेक्शन. कफाच्या रिपोर्टवरून हा फरक कळत नाही, पेशंटकडे बघून कळतो. एक्सरेत नवा डाग आला का, ऑक्सिजन वाढवावा लागतोय का, कफ एकदम दाट-पिवळा आणि जास्त झाला का, ताप, पांढऱ्या पेशी, हे सगळं धरून ठरवायचं. यातलं काही नसताना नुसत्या रिपोर्टवर कोलिस्टिन चालू केलं तर किडनी जायची शक्यता खरी, फायदा शून्य, आणि त्या नळीत आजचा जंतू जाऊन उद्या त्याहून निबर येणार. खरं सांगू, आयसीयूत औषध चालू करायला काही लागत नाही, नातेवाईक समोर उभे असताना चालू न करायला हिंमत लागते. तुमच्या डॉक्टरांनी 'लक्ष ठेवू' म्हटलं याचा मला उलट भरवसा वाटला.

विचारायचंच असेल तर हे विचारा की ती सेंट्रल लाइन बदलली का. जंतू लाइनमधून आला असेल आणि लाइन तशीच ठेवली तर कितीही भारी औषध द्या, ताप परत येतो.

स्पष्टवक्ता_कोल्हापूर

बरं मान्य, माझं शून्याचं गणित मागे. पण एक सांगा, ते जे आकडे असतात एमआयसीचे, त्यात सगळ्यात लहान आकडा ज्या औषधाचा ते सगळ्यात जोरदार, असंच ना? आमच्या आईच्या वेळी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तसंच निवडलं होतं.

पेट्रीडिश

नाही हो, ही फार कॉमन समजूत आहे, डॉक्टरांतसुद्धा. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. एकाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ४ असला तरी ४वालं जास्त चांगलं असू शकतं, कारण ते रक्तात कितीतरी जास्त पातळी गाठतं आणि त्याची उंबरठ्याची रेघच वर असते. आकडा त्याच औषधाच्या रेघेशी ताडून बघायचा, शेजारच्या औषधाशी नाही. म्हणून तर शेवटी एस-आय-आर लिहितात.

आणि हो, कोलिस्टिनचा आय राहिला. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब ज्या सीएलएसआय या अमेरिकन संस्थेच्या रेघा वापरतात त्यांनी २०२० पासून कोलिस्टिनसाठी एस हा वर्गच काढून टाकलाय. कितीही कमी एमआयसी आला तरी आता फक्त आय किंवा आर. म्हणजे त्यांनाच खात्री नाही की हे औषध पेशंटमध्ये नीट काम करेल. त्यात कोलिस्टिन चकतीने तपासताच येत नाही, ते अगारमध्ये नीट पसरत नाही, ब्रॉथ मायक्रोडायल्युशन, म्हणजे द्रावणात औषधाचं प्रमाण बदलत तपासणं, करावं लागतं. कोणाच्या रिपोर्टवर आजही चकतीवरून 'कोलिस्टिन एस' येत असेल तर लॅबला फोन करा.

लीड्सकर

मूळचा साताऱ्याचा, इथे इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात अँटिबायोटिक फार्मासिस्ट आहे. आय वरून आठवलं, आमच्याकडे युरोपियन पद्धत, युकास्ट, आणि त्यांनी २०१९ मध्ये आय चा अर्थच बदलला. आधी आय म्हणजे मधलं, धड ना इकडचं ना तिकडचं. आता आय म्हणजे चालतं, पण डोस वाढवा. स्युडोमोनासच्या रिपोर्टवर तर कित्येक औषधांना मुद्दाम आय देतात कारण जास्त डोसशिवाय द्यायचंच नाही. तेव्हा इकडचा रिपोर्ट तिकडे नेला किंवा तिकडचा इकडे आणला तर आधी खाली बघायचं की कोणाच्या नियमाने वाचलाय, माझ्याकडे महिन्यातून एखादा तरी डॉक्टर आय बघून चांगलं चाललेलं औषध बंद करायला निघतो.

डोसवर थोडं, कारण नातेवाईकांना वाटतं की औषध बरोबर निवडलं की झालं. आयसीयूत किडनी मंदावलेली असेल तर औषध साठतं, आणि तरुण ट्रॉमाच्या पेशंटमध्ये उलटं, किडनी इतकी जोरात चालते की औषध टिकतच नाही. म्हणून मेरोपेनेमसारखी औषधं अर्ध्या तासात न सोडता तीन तास हळूहळू सोडतात, रेघेवरचा जंतूसुद्धा मग आटोक्यात येतो.

इथली एक पद्धत सांगतो. गेल्या वर्षभरात परदेशी हॉस्पिटलात राहून आलेला पेशंट दाखल झाला की गुदद्वाराचा स्वॅब घेऊन असे जंतू आहेत का बघतात, रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत. भारतातून बायपास करून आलेल्या एका आजोबांना फार अपमान वाटला होता, मला बोलवून घेतलं मराठीत समजवायला. मी सांगितलं आजोबा तुमच्यावर नाही, तुमच्या आतड्यावर संशय आहे, तेव्हा कुठे हसले.

एनडीएमचं बारसंच तसं झालंय ना. भारतीय वंशाचा स्वीडनचा रहिवासी नवी दिल्लीच्या हॉस्पिटलात राहून परत गेला, २००८ मध्ये त्याच्या लघवीत हा क्लेब्सिएला सापडला आणि शोधणाऱ्यांनी नावात न्यू डेल्ही घातलं. २०१० मध्ये लॅन्सेटच्या मासिकात मोठा पेपर आला तेव्हा आपल्याकडे केवढा गदारोळ, मेडिकल टुरिझमविरुद्धचा कट वगैरे. पण त्याच्या काही महिने आधी मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनीच आपल्या फिजिशियन्सच्या जर्नलमध्ये छापलं होतं की त्यांच्याकडच्या कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना) न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम आहे. नावावर भांडण्यात जी वर्षं गेली त्यात तो देशभर पसरला असं माझं मत, कोणाला पटो न पटो.

नाईटड्यूटी_सिस्टर

सगळे मोठे मोठे लिहून गेले, मी आपलं बेडजवळचं सांगते.

ताई, काकांच्या बेडवर 'कॉन्टॅक्ट आयसोलेशन' असा बोर्ड लागला असेल, गाऊन-ग्लोव्हज घालायला लावत असतील तर रागावू नका. हा असिनेटोबॅक्टर म्हणजे फार चिवट जात, बेडच्या रेलिंगवर, मॉनिटरच्या बटणांवर, बीपीच्या पट्ट्यावर कोरडा पडून आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. एका बेडवरून दुसऱ्यावर तो उडत जात नाही, हातावरून जातो. आमच्या, डॉक्टरांच्या, एक्सरेवाल्या दादाच्या आणि नातेवाईकांच्याही. आमच्याकडे एक मावशी भेटायला यायच्या, देवीचा अंगारा आपल्या पेशंटला लावायच्या आणि मन मोठं म्हणून शेजारच्या तिन्ही बेडवर पण लावत जायच्या! कोणाला नको म्हणायचं जिवावर येतं हो. शेवटी त्यांनाच सांगितलं की मावशी अंगारा कागदात द्या, आम्ही उशाला ठेवतो. आनंदाने ऐकलं त्यांनी.

हँडरब बेडच्या पायथ्याशी असतो, आत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा, वीस-तीस सेकंद, अंगठे आणि बोटांच्या बेचक्या विसरायच्या नाहीत. ग्लोव्हज घातले म्हणजे हात स्वच्छ असं नाही, त्याच ग्लोव्हजनी मोबाईल उचलणारे मी रोज बघते.

ब्लड कल्चरबद्दल पण सांगते. रिपोर्ट चांगला यायचा तर रक्त नीट घेतलं पाहिजे, दोन वेगवेगळ्या जागांवरून, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, आणि नवीन अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी. रात्री तीनला शीर सापडत नाही, पेशंट सुजलेला, मग कोणीतरी दोन मिली घालून बाटली पाठवतं आणि रिपोर्ट येतो 'नो ग्रोथ'. तो नो ग्रोथ काही कामाचा नाही.

आणि तुमच्या त्या दोन औषधांचं, आम्हाला ऑर्डर असते की दोन्ही एकाच वेळी चालू पाहिजेत, एक संपल्यावर दुसरं नाही. तेवढी वेळ आम्ही पाळतोच पण व्हायल वेळेवर फार्मसीतून आल्या पाहिजेत, तेवढं भावाला बघायला सांगा, रात्रीच्या डोसची व्हायल संध्याकाळीच आणून ठेवायची.

चौकस_पुतणी

सिस्टर तुम्ही लिहिलेलं वाचून आधी आम्हीच गुन्हेगार वाटलो, आम्ही तर सरळ आत जाऊन हात धरून बसत होतो 😔 आजपासून नीट.

लॅबला विचारलं, सिनर्जी पॉझिटिव्ह आहे. सेंट्रल लाइन पण आधीच बदललीये म्हणे, आम्हाला सांगितलं नव्हतं एवढंच.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. काकांनी आयुष्यात क्रोसिनच्या पुढे गोळी घेतली नाही. सकाळी फिरणं, घरचं जेवण. मग हे असले जंतू त्यांच्याच वाट्याला कसे? सगळे म्हणतात लोक केमिस्टकडून मनाने अँटिबायोटिक घेतात म्हणून होतं, पण त्यांनी तर घेतलंच नव्हतं.

जुना_मेडिकलवाला

आमच्यावर बिल फाडायच्या आधी, शेड्यूल एच-१ हा औषधविक्रीचा नियम आहे २०१४ पासून, मेरोपेनेमपासून तिसऱ्या पिढीच्या सेफालोस्पोरिनपर्यंत चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव लिहून तीन वर्षं ठेवायचं. सगळे पाळतात असं मी म्हणणार नाही, शेजारचा देतो म्हणून गिऱ्हाईक तिकडे जातं. पण चिठ्ठीवर सर्दीला अझिथ्रो (हेही अँटिबायोटिकच) लिहून आणणारेही रोज येतात, ते लिहितंय कोण?

पेट्रीडिश

दोघांचं खरं आहे, पण काकांच्या बाबतीत ते लागू नाही. या जंतूंना स्वतः औषध खाल्लेल्या माणसाचीच गरज लागत नाही. एनडीएमचा जीन प्लास्मिडवर असतो, डीएनएचा सुटा तुकडा, तो एक जंतू दुसऱ्याला देतो, अगदी वेगळ्या जातीच्याही. २०११ मध्ये दिल्लीतलं पाणी तपासलं तेव्हा रस्त्यावर साचलेल्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये हा जीन सापडला होता. तेव्हा निरोगी माणसाच्या आतड्यातही तो असू शकतो, गुपचूप, काही त्रास न देता. किंवा आयसीयूत आल्यावर लागला असेल. मग बाकीच्या अँटिबायोटिक्सनी आतड्यातले साधे जंतू मारले की याला मोकळं रान, आणि नळ्यांमधून वाट मिळते. यात काकांच्या वागण्याचा काही संबंध नाही, तो विचार डोक्यातून काढा.

किती पसरलंय याचा अंदाज द्यायचा तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं नेटवर्क आहे, २०१३ पासून मोठमोठ्या हॉस्पिटलांकडून हे एस-आर गोळा करतं. त्यांच्या आकड्यांत इमिपेनेम, म्हणजे मेरोपेनेमचा भाऊ, २०१६ मध्ये ८६ टक्के ई. कोलायवर चालत होतं, २०२१ मध्ये ६४ वर आलं. क्लेब्सिएलात ६५ वरून ४३. असिनेटोबॅक्टरमध्ये २०२१ साली ८७.५ टक्के जंतू कार्बापेनेमला दाद देत नव्हते. आणि हे ओपीडी, वॉर्ड, आयसीयू सगळं एकत्र धरून, नुसत्या आयसीयूचं चित्र याहून वाईट असतं. अर्थात नेटवर्कमध्ये मोठी हॉस्पिटलं जास्त, तिथे बाहेर न सुधारलेले पेशंट येतात, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात हेच आकडे असतील असं समजू नका.

म्हणूनच प्रत्येक हॉस्पिटलने स्वतःचा अँटिबायोग्राम काढायचा असतो, वर्षभरात आपल्या आयसीयूत कोणता जंतू किती वेळा आणि कशाला एस. एका पेशंटचा पहिलाच जंतू मोजायचा, नाहीतर महिनाभर असलेला एकच पेशंट सगळे टक्के बिघडवतो, आणि ३० पेक्षा कमी जंतू असतील तर टक्केवारी काढायचीच नाही. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर पहिलं औषध कोणतं द्यायचं हे त्या तक्त्यावरून ठरतं. माझ्या पाहण्यात कित्येक ठिकाणी तो तक्ता फक्त एनएबीएच, म्हणजे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या, इन्स्पेक्शनच्या वेळी फाइलमधून बाहेर निघतो, हे मात्र आमचं दुखणं.

अतिदक्ष

+१, त्या शेवटच्या वाक्याला. आमच्याकडे आता आयसीयूच्या भिंतीवर चिकटवलाय, रेसिडेंट निदान मान वर करून बघतात.

चौकस_पुतणी

अपडेट: ताप उतरलाय, बीपीचं औषध कमी केलंय, काल हात दाबला तर दाबून उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले परत कल्चर पाठवतील. औषध अजून किती दिवस चालेल?

अतिदक्ष

छान! लाइन काढलीये, ताप उतरलाय, दुसरीकडे कुठे पू साठलेला नाही, असं सगळं असेल तर रक्तातल्या अशा जंतूला बहुतेकदा सात ते चौदा दिवस पुरतात, नेमकं त्यांचे डॉक्टर ठरवतील. जास्त दिवस म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. आणि कफात असिनेटोबॅक्टर परत आला तर दचकू नका, तो येणारच.

एक काम मात्र आठवणीने करा. डिस्चार्ज कार्डवर जंतूचं नाव, एनडीएमचा संशय आणि जी जोडी चालली ती, हे सगळं लिहून घ्या, आणि कल्चर रिपोर्टचा फोटो भावाच्या आणि तुमच्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. ट्रॅकिओस्टॉमीचे पेशंट पुन्हा ॲडमिट होतात, कधी रात्री दोनला, वेगळ्याच हॉस्पिटलात, तिथला डॉक्टर पहिल्या तासात काहीतरी औषध निवडणार असतो आणि त्याच्याकडे काहीच माहिती नसते.

चौकस_पुतणी

फोटो आत्ताच काढून भावाला पाठवला. कार्डचं उद्या सांगते त्यांना.